भाषणात गेलेला मारवा

गेल्या रविवारी एक मारवा वाया गेला. गायला जाण्याआधीच गेला.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. तिकिटावर तसं छापलं होतं आणि पत्रिकेत 'सायंकालीन रागांची मैफल' असं म्हटलं होतं. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे ही वेळ कोणीतरी विचार करून ठरवली असणार, असं मला वाटलं. सव्वासहाला पडदा उघडला. मंचावर तानपुरे नव्हते, खुर्च्या होत्या. सात खुर्च्या. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. प्रायोजकांचा सत्कार, स्थानिक पुढाऱ्यांचा सत्कार, मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक वेळी फोटोसाठी थांबणं. प्रमुख पाहुण्यांनी 'मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही' अशी सुरुवात केली आणि तरी ते वीस मिनिटं बोलले. मग खुर्च्या उचलल्या, बैठक मांडली, माईक लावले.

गायिका बसल्या तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मागे त्यांच्या दोन शिष्या तानपुरे छेडत होत्या. पहिली तार निषादावर लावलेली होती. ज्यांना थोडंफार गाणं कळतं ते एवढ्यावरून सावरून बसले, कारण पंचमाऐवजी निषाद लावला म्हणजे पंचम नसलेला राग येणार. बाईंनी क्षणभर ऐकलं, मग वळून दोन्ही तानपुरे थांबवले आणि एकेक करून दोन्हींची पहिली तार पंचमावर आणली. त्यात पाच मिनिटं गेली. विंगेतून आयोजकांपैकी एकजण हाताने 'आटपा' अशी खूण करत होता. चाळीस मिनिटं चाललेल्या भाषणांना त्याने ती खूण केली नव्हती.

मग त्या माईकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मारवा गायचा होता. वेळ टळली. भूप गाते."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मला मात्र आजही आहे.

मारवा ही काय चीज आहे ते ऐकणाऱ्याला सांगायला नको, पण खुर्चीवर बसणाऱ्यांना सांगायला हवं. या रागात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गाणारा रिषभ-धैवतावर रेंगाळत षड्जाला सतत टाळत राहतो. आपण ज्या सुरावर टेकायला बघतो तोच सूर हुलकावणी देतो. दिवस संपलाय, रात्र आली नाही, दिवे लावायचेत, घरी कोणीतरी यायचं राहिलंय, अशी त्या वेळेची जी हुरहुर असते ती या एका रचनेत पकडली आहे. आणि बऱ्याच वेळाने जेव्हा षड्ज लागतो तेव्हा सभागृहात श्वास सोडल्याचा आवाज येतो. मी तो आवाज आयुष्यात तीन-चारदाच ऐकलाय. रविवारी आणखी एकदा ऐकू आला असता.

कोणी म्हणेल, बंद नाट्यगृहात कसली संध्याकाळ? आत दिवे, बाहेर दिवे, वातानुकूलन चालू. सात वाजताही मारवा गाता आला असता. आला असता, आणि गाणारे गातातही. पण त्या बाईंच्या लेखी वेळ हा रागाचा भाग आहे, आणि ती निष्ठा त्यांनी उभा जन्म पाळली आहे. ज्याने त्यांना बोलावलं त्याला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक नसेल तर विचारायला हवं होतं.

आमच्याकडे मैफल वाईट झाली की नाव गाणाऱ्याचं जातं. रविवारी बाहेर पडताना जिन्यात दोघेजण बोलत होते, "आज बाईंचा आवाज लागला नाही. वय झालं आता." मला तिथेच थांबून त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. आवाज लागला नाही हे खरं. का लागला नाही ते ऐका.

भूप सुरू झाला आणि तबला अंगावर आला. बायाचा घुमारा मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता. पेटी गळ्याच्या पुढे धावत होती. तानपुरे दिसत होते, ऐकू येत नव्हते. बाईंनी गाता गाता तीनदा खूण केली, तबला खाली, तानपुरा वर. चौथ्यांदा माईक शिटी मारू लागला तेव्हा त्यांनी खुणा करणं सोडून दिलं. ख्याल गाणारा माणूस तानपुऱ्याला टेकून गातो. त्याच्यासमोरच्या मॉनिटरमधून तानपुरा आला नाही, आला तो तबलाच, की त्याला आपला सूर आपल्याला ऐकू यावा म्हणून आवाज रेटावा लागतो. रेटलेला आवाज अर्ध्या तासात थकतो. मंद्रातलं काम, जिथे भूप खरा खुलतो, ते माईक पकडतच नाही म्हणून गाणारा ते सोडून देतो आणि वर जातो. मग आपण म्हणतो, आलापी आवरती घेतली, ताना फार घेतल्या, वय झालं.

मध्यंतरात मी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाला भेटलो. विशीतला पोरगा. मला तो दोषी वाटला नाही. दुपारी त्याच नाट्यगृहात नाटक होतं. ते साडेचारला सुटलं, सेट उतरायला सव्वापाच वाजले. मग मंचावर खुर्च्या मांडल्या, पाठीमागे प्रायोजकांचा फलक लावला, फुलांची सजावट झाली. साउंड चेकला उरली पाच मिनिटं, आणि ती 'हॅलो, हॅलो' म्हणण्यात गेली. एरवी तो ऑर्केस्ट्रा आणि हळदीचे कार्यक्रम करतो. तिथे ढोलकी छातीत वाजली पाहिजे असं त्याला शिकवलं गेलंय आणि तिथे ते बरोबरही आहे. "गाण्याला काय लागतं ते मला कोणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. फलक सरळ आहे का हे बघायला तिघेजण होते. तानपुरा ऐकू येतो का हे बघायला एकही नव्हता.

वाईट कार्यक्रम म्हणजे हा. कलाकाराचा दिवस वाईट असू शकतो. मोठमोठ्यांचे असतात. सर्दी असते, प्रवासाचा शीण असतो, घरी कोणी आजारी असतं, साथीदार नवा असतो. कधी यातलं काहीच नसतं आणि तरीही रंग भरत नाही. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नाही. जिवंत गाणं ऐकायला जायचं तर ही जोखीम घ्यायचीच असते. न जमलेल्या मैफलीतही एखादी जागा अशी येते की तिकिटाचे पैसे वसूल होतात. माझं भांडण आहे ते कार्यक्रम ऐकण्यासाठी असतो हेच ज्यांच्या डोक्यात नसतं त्यांच्याशी. ते व्यासपीठाची काळजी घेतात, पाहुण्यांची घेतात, फोटोची घेतात, चहाची घेतात. तिकीट काढून आलेल्या माणसाच्या कानाची जबाबदारी मात्र कोणाच्याच यादीत नसते.

निवेदनाबद्दलही बोलायला हवं. सुगम संगीताच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे चार मिनिटांचं निवेदन आणि त्यात तीन कविता, हे आता नियमाने चालतं. गाणं संपतं, त्याचा शेवटचा सूर अजून हवेत असतो, आणि त्यावर शब्द येऊन पडतात. ऐकणाऱ्याला क्षणभर गप्प बसू द्या. कवी, संगीतकार, साल आणि गाण्याची एखादी खरी गोष्ट सांगा आणि बाजूला व्हा.

हा प्रश्न फक्त लहान मंडळांचा नाही. ३० एप्रिल २०२३ रोजी पुण्यात राजा बहादूर मिलच्या मैदानावर ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम रंगात आला असताना पोलीस अधिकारी मंचावर चढले आणि गाणं थांबवायला लावलं, कारण दहा वाजून गेले होते. तेव्हा बराच संताप पोलिसांवर निघाला. माझा नाही निघाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. मैदानाच्या आसपास आजारी माणसं राहतात, पहाटे कामावर जाणारे राहतात, परीक्षेला बसलेली मुलं राहतात. नियम योग्य आहे. पण ज्याला दहाची वेळ आधीपासून माहीत आहे त्याने शेवटचं गाणं पावणेदहाला बसवायला नको का? हजारो लोकांनी पैसे मोजलेल्या संध्याकाळीचा शेवट घड्याळ दाखवणाऱ्या हाताने व्हावा, ही आयोजनातली चूक आहे.

या दहाच्या नियमाने शास्त्रीय संगीताचं जे गेलं त्याबद्दल तर आपण बोलतच नाही. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्र रात्र चालायचा. लोक घोंगड्या, शाली, थर्मास घेऊन बसायचे. मध्यरात्री दरबारी, मालकंस, मग उतरत्या रात्री सोहनी, परज, आणि झुंजूमुंजू होताना ललित, असा सगळा उतार माणसाला एका बैठकीत मिळायचा. आता खुल्या मैदानात तो मिळत नाही. मध्यरात्रीनंतरचे राग ऐकायचे तर बंद सभागृह हवं किंवा जुनं ध्वनिमुद्रण. म्हणजे आजच्या गाणाऱ्याच्या हातात संध्याकाळी सहा ते रात्री दहा एवढेच चार तास उरलेत. त्या चार तासांतला पाऊण तास तुम्ही सत्काराला देणार असाल तर तुम्ही एक प्रहर खाताय, आणि त्या प्रहराचे राग खाताय.

दिवाळी पहाटेचंही तेच झालंय. पाच-साडेपाचला अंधारात, अभ्यंगस्नान करून, थंडीत लोक येतात ते कशाला? ललित, भटियार, अहिरभैरव या वेळेचे, या एका वेळेचे राग ऐकायला. आणि मिळतं काय, तर उजाडेपर्यंत उद्घाटन, मग वीस मिनिटांचा एक राग, मग ठरलेली नाट्यगीतं आणि अभंग, कारण 'लोकांना तेच आवडतं'. लोकांना काय आवडतं हे ठरवण्याआधी एकदा त्यांना पहाटे पाऊण तास ललित ऐकवून बघा. अंधारात उठून आलेला माणूस तेवढं ऐकायला तयार असतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीकडे वळतो, कारण ती वाढते आहे. तिकिटावर 'लाइव्ह' लिहिलेलं असतं आणि मंचावर सहा वादक बसलेले असतात. व्हायोलिन ऐकू येतं, व्हायोलिनवाला दिसत नाही. कोरस ऐकू येतो, कोरसमध्ये कोणी नाही. अर्धं संगीत लॅपटॉपमधल्या ट्रॅकवरून येतं. वादक परवडत नाहीत, हे मला समजतं. ट्रॅकवर गाणं हा गुन्हा नाही. पण मग तिकिटावर तसं छापा. ट्रॅकला ठरलेली लय असते, ती श्रोत्यांकडे बघून थांबत नाही आणि एखादी ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली तर घेऊ देत नाही. माणूस ज्यासाठी घर सोडून येतो तेच त्यात नसतं. मे २०१७ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जस्टिन बीबरचा कार्यक्रम झाला तेव्हा हजारो रुपयांची तिकिटं काढलेल्यांनी हीच तक्रार केली होती, की बरीचशी गाणी ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून झाली. पोरापोरींनी महिनोन् महिने पैसे साठवून ती तिकिटं काढली होती. त्यांच्या हळहळण्याला हसणारे तेव्हा खूप होते. मला हसू आलं नाही. पहिल्या मैफलीत फसलेला श्रोता पुन्हा तिकीट काढायला दहा वेळा विचार करतो.

स्टेडियमचा आणखी एक हिशेब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला गायकाचा सूर जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. पडद्यावर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. त्यावर उपाय आहे. मधल्या अंतरावर मनोरे उभारून त्यांवरच्या ध्वनिक्षेपकांची वेळ जुळवून घ्यायची आणि पडद्यावरचं चित्रही त्याच हिशेबाने मागे ठेवायचं. त्याला पैसे लागतात. ज्याने मागच्या जागांची तिकिटं विकली त्याने ते खर्च करायला हवेत, कारण मागे बसणाऱ्यानेही गाण्यासाठीच पैसे दिलेले असतात.

आणि जिथे श्रोता म्हणजे फक्त आकडा होतो तिथे प्रकरण कानावर थांबत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये चेन्नईत रहमान यांच्याच कार्यक्रमाला तिकीट हातात असलेले असंख्य लोक आत पोहोचूच शकले नाहीत. गर्दीत बायकांना, मुलांना जे सोसावं लागलं त्याबद्दल नंतर आयोजकांनी चूक कबूल केली आणि रहमान यांनी आत जाता न आलेल्यांकडून तिकिटांच्या प्रती मागवून घेतल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली आणि चारजण गेले. ते गाणं ऐकायला आले होते.

आपल्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, कारण मंच बिघडवतो तेवढं कधी कधी सभागृहही बिघडवतं. विलंबित चालू असताना समोरच्या रांगेत उजळलेला पडदा. अख्खा कार्यक्रम हात वर करून फोनमध्ये साठवणारा माणूस, ज्याच्या मागच्या चौघांना गायिका फक्त त्या फोनमध्ये दिसते. तिहाई आली की टाळी, जोरात तान आली की टाळी, आणि मंद्रात एक सूर अचूक लागला तेव्हा शांतता नाही तर खोकला. भैरवी सुरू झाली की पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून उठणारे तर प्रत्येक गावात आहेत. भैरवी गाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शंभर पाठी जातात. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यू यॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि सहकारी वाद्यं जुळवत होते, तेव्हा अमेरिकन श्रोत्यांनी तेच वादन समजून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना आपलं संगीत नवं होतं. निदान ते त्या क्षणी कान देऊन बसले होते. आपल्याकडे जुळवाजुळव सुरू झाली की आपण शेजाऱ्याशी बोलायला लागतो आणि विंगेतून 'आटपा'ची खूण येते.

हे सगळं टाळणं अवघड आहे, असं मला कोणी सांगू नये. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये उभं राहिलं ते मुळातच गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा मूळ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत यंत्राशिवाय पोहोचावा या हिशेबाने बांधलेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं, पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाचं झालेलं नाट्यगृह माईक येण्याआधीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले ते उगाच नाही. संगीत नाटकाच्या त्या काळात गळा आणि कान यांच्यामध्ये फक्त हवा होती, आणि ती हवा नीट पोहोचवायची जबाबदारी वास्तू बांधणाऱ्याने घेतली होती. आज सगळीकडे अशी सभागृहं मिळणार नाहीत. पण माईक कमी लावणं, आवाज बेताचा ठेवणं, तानपुरा ऐकू येऊ देणं याला वास्तू लागत नाही.

खर्चही नाही. सत्कार करायचे असतील तर मध्यंतरात करा. ज्यांना बघायचे आहेत ते थांबतील. आधीचं नाटक आणि मैफल यांच्यात कलाकारांना साउंड चेकसाठी एक तास राखून ठेवा आणि त्या तासात मंचावर फुलं-फलक लावणाऱ्यांना येऊ देऊ नका. गाणाऱ्यांना आठ दिवस आधी फोन करून विचारा, किती वाजता बसाल, काय गाणार आहात, तुमच्यासमोर काय ऐकू यायला हवं. रविवारी हा एक फोन झाला असता तर सहाला पडदा उघडताच निषादाचे तानपुरे ऐकू आले असते.

मंडळवाले माझे शत्रू नाहीत. रविवारच्या आयोजकांनी वर्गणी गोळा केली, नाट्यगृह मिळवायला महापालिकेत खेटे घातले, बाईंना त्यांचं मानधन वेळेवर दिलं. ही माणसं नसती तर त्या उपनगरात गाणंच झालं नसतं. म्हणूनच त्यांना सांगायला हवं. आपण सांगत नाही. आपण जिन्यात कुजबुजतो, घरी येऊन चरफडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा सात खुर्च्यांसमोर जाऊन बसतो.

मी या वेळी पत्र लिहिलं आहे. त्याच बाईंना जानेवारीत आमच्या गावातलं दुसरं एक मंडळ बोलावतंय. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. मी त्यांना कळवलंय की सहाच्या आत बैठक मांडा, भाषणं मध्यंतरात घ्या, आणि बाईंना आधी विचारा. तुमच्या गावात जो पुढचा कार्यक्रम असेल, त्याच्या आयोजकांना तुम्हीही लिहा. आजच लिहा, पत्रिका छापून होण्याआधी.